विश्लेषण : पिकअपचे जाहीर ‘ॲव्हरेज’ रस्त्यावर का मिळत नाही?

पिकअप घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती?’ भाजीपाला, दूध, सिमेंट वाहणाऱ्या छोट्या वाहतूकदाराचे भाड्याचे गणित याच आकड्यावर उभे असते. मात्र कागदावरचा आकडा आणि पंपावरचे बिल यांचा मेळ क्वचितच बसतो.

जाहीर आकडा येतो कुठून?

पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्था प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून इंधनवापर मोजतात. मालासह एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असलेल्या गाड्यांच्या या चाचणीत वेग ताशी ९० किमीच्या पुढे जात नाही आणि ती सुमारे २० मिनिटांत संपते. घाट, खड्डे, भरलेला हौदा त्यात नसतो. त्यामुळे हा आकडा दोन गाड्यांच्या तुलनेसाठी उपयोगी. भाडे ठरवण्यासाठी नाही.

इंधन जाते कुठे?

वजन वाढले की टायरचे घर्षण वाढते. थांबून पुन्हा वेग घेताना आणि चढ चढताना तर भाराचा फटका थेट बसतो. म्हणूनच जुन्नरहून भाजी घेऊन माळशेज घाट उतरणे आणि कल्याणहून सिमेंट घेऊन तोच घाट चढणे यांचा खर्च सारखा नसतो. वेगाचेही तसेच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किमी वेगाने तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. हौद्यावर उंच रचलेला माल आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भरच घालतात.

खिशावर परिणाम किती?

डिझेल ९० रुपये लिटर धरू. लिटरला १५ किमी मिळाले तर किलोमीटरला ६ रुपये, १० मिळाले तर ९ रुपये. १५ धरून भाडे ठरवले आणि १० मिळाले, तर २०० किमीच्या खेपेत ६०० रुपये पदरचे जातात. परतीची फेरी रिकामी असेल तर तिचे डिझेलही त्याच भाड्यातून निघायला हवे. तूट भरून काढण्यासाठी जादा माल भरावा, तर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

खरे ॲव्हरेज कसे काढावे?

टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद घ्यावी आणि नेहमीच्या मार्गावर काही खेपा कराव्यात. पुन्हा टाकी पूर्ण भरून, कापलेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. भरलेल्या व रिकाम्या फेऱ्या दोन्ही धरून येणारा हा आकडाच भाड्याचा पाया ठरतो. टायरमधील हवा आणि एअर फिल्टर ठीक असूनही तो घसरत गेला, तर गाडी गॅरेजला दाखवायची वेळ झाली असे समजावे.