आक्काची पाच प्रश्नचिन्हं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी दोघा-तिघांनी विचारलं, की तुमच्या जुन्या लेखांखालच्या प्रतिक्रियांत नुसती प्रश्नचिन्हं का दिसतात? प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आणि हो, यात माझं एक मतही आहे, तेही सांगणारच. पस्तीस वर्षं शिकवण्यात गेली, सवय कुठे जाते!

२०१८ साली जुन्या सर्व्हरचं भाडं वाढलं, म्हणून भाच्याने माझा ब्लॉग दुसरीकडे हलवायचं ठरवलं. ब्लॉगमधला सगळा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरसारखीच ती व्यवस्था. मुलाचा नोंदणी क्रमांक एकदा पडला की हजेरीपटात, गुणपत्रकात, फीच्या पावतीत तोच. तसंच इथे लेखांचा तक्ता वेगळा, प्रतिक्रियांचा वेगळा, आणि कुठली प्रतिक्रिया कुठल्या लेखाखाली हे क्रमांकावरून ठरतं. भाच्याने या सगळ्याचा बॅकअप म्हणून एक फाइल उतरवून घेतली, "मावशी, झालं बघ!" म्हणाला, आणि महिनाअखेर जुनं खातं बंद केलं. आठवड्याने ती फाइल नव्या सर्व्हरवर चढवली, तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. लेखांतही, प्रतिक्रियांतही.

झालं होतं ते असं. माझा मजकूर युनिकोडमध्ये नीट साठवलेला होता. पण फाइल उतरवून देणाऱ्या सोयीने तो मागितला 'लॅटिन-१' या अक्षरसंचात, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांच्या अक्षरांत. त्या संचात 'क' नाही, काना नाही, वेलांटी नाही. ज्या चिन्हाला जागा नाही तिथे डेटाबेस प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो. तक्रार करत नाही की थांबत नाही. पूर्णविराम, मोकळ्या जागा आणि इंग्रजी आकडे मात्र जसेच्या तसे राहतात.

ब्लॉगवाल्यांसाठी एक सांगून ठेवते. कधी मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली परदेशी अक्षरं दिसतात. ते बघून माणूस जास्त घाबरतो, पण तो आजार बहुधा बरा होण्यातला. मूळ बाइट शाबूत असतात, नुसते चुकीच्या चष्म्यातून वाचले जातात. प्रश्नचिन्ह दिसायला साधं, पण त्याच्यामागे काही उरलेलंच नसतं.

लेख मी आधी वहीत लिहिते, त्यामुळे ते परत टाइप करता आले. वर्षभर तेच करत होते. प्रतिक्रिया कुठून आणणार? प्रतिक्रिया आली की ईमेल यायची, पण इनबॉक्स भरतो म्हणून मीच त्या पुसत असे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर माझी मोजकी पानं सापडली, तेवढ्या वाचल्या.

आक्काच्या प्रतिक्रिया त्यात नव्हत्या. आक्का २०१६ मध्ये गेली. साठी उलटल्यावर माउस धरायला शिकली होती, केवळ माझं लिखाण वाचायला. प्रत्येक प्रतिक्रियेखाली 'आक्का' अशी सही करायची. संगणकाच्या हिशेबी ती पाच चिन्हं होतात: आ, क, हलन्त, पुन्हा क, काना. म्हणून कुठल्याही लेखाखाली शेवटी सुटी पाच प्रश्नचिन्हं दिसली की मला कळतं, ही तिची. त्या मी मुद्दाम पुसलेल्या नाहीत.

भाच्याला मी रागावले नाही. (थोडी रागावले.) पण त्याला वाटलं फक्त आपणच वेंधळे, तर तसं नाही. गिटलॅब ही तर प्रोग्रामरांचंच काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांचा एक इंजिनीअर रात्री दुसऱ्या सर्व्हरवरची बिघडलेली नक्कल दुरुस्त करत होता. तिथला डेटा पुसून नक्कल नव्याने सुरू करायची होती. पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून तो बॅकअप होतच नव्हता. तसं कळवणाऱ्या ईमेल तपासणीत अडकून परत जात होत्या, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. साठवणीची जागा उघडली तर रिकामी! सहा तासांपूर्वी एकाने चाचणीच्या कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिने वाचवलं. तरी त्या सहा तासांतले निदान पाच हजार प्रकल्पांचे बदल, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशेच्या आसपास नवी खाती गेली. लोकांचा मूळ कोड वेगळा ठेवलेला होता, तो वाचला. मला त्यांचं आवडलं ते हे, की दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, सगळं लिहून जाहीर केलं, आणि त्या इंजिनीअरचं नाव पुढे करून हात झटकले नाहीत.

आता माझं मत. फाइल उतरली म्हणजे बॅकअप झाला, असं म्हणणंच चूक आहे. ती फाइल दुसऱ्या सर्व्हरवर चढवून, उघडून, कुणीतरी वाचेपर्यंत तिला बॅकअप म्हणू नये. आणि वाचणारा माणूस ती घेणाऱ्याहून वेगळा हवा. आमच्या शाळेत जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली तेव्हा आम्ही नकला केल्या होत्या. एकाने नकलेतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट फिरवायचं. एका मुलाची जन्मतारीख चुकली तर पुढे त्याच्या दाखल्यात, नोकरीत, पेन्शनीत ती चूक जाणार. सगळं ताडून झाल्यावरही जुनं रजिस्टर फडक्यात बांधून कपाटातच.

भाचा म्हणतो, "मावशी, हल्ली दोन सर्व्हरवर सतत नक्कल चालू असते, एवढं कोण बघतं?" अरे, पण इकडे चुकून खोडलेलं तिकडेही लगेच खोडलं जातंच की! ती सोय सर्व्हर बंद पडला तर कामाची, चुकीवर औषध नाही. आता दर दिवाळीला तो बॅकअप काढतो, आपल्या लॅपटॉपवर चढवतो, आणि मी शेजारी बसून कुठलीही दहा पानं वाचते. मग चहा.

असो. एक काम होतं सगळ्या नातेवाइकांकडे. २०११ च्या दिवाळीत मी अनारशांवर लिहिलं होतं, त्याखाली आक्काने तांदूळ-गुळाचं आपल्या आईचं प्रमाण दिलं होतं. आकडे तिने इंग्रजीत टाइप केले होते, म्हणून १, ३ आणि पाऊण एवढं अजून दिसतं, पण कशाचं किती ते प्रश्नचिन्हांत गेलं. पाऊण गुळाचं असावं असं मला वाटतं, धाकटी वहिनी म्हणते नाही. तेव्हा कुणी ते पान छापून घेतलं असेल किंवा वहीत उतरवलं असेल तर कृपया फोटो काढून पाठवा.