ऊन आहे, वीज नाही

या सदरात विजेच्या जोडणीविषयी लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल, असे कधी वाटले नव्हते. गेल्या वैशाखातील एका दुपारने ती आणली.

नांदेडमधील चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी माझ्या जुन्या रुग्ण. अर्धे आयुष्य चुलीपुढे गेले. त्या धुराने फुप्फुसे झिजली आणि वर्षभरापासून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर त्यांच्या उशाशी आहे. मिनिटाला २ लिटर. आदल्या रात्रीच्या वादळात विजेचे खांब वाकले होते आणि दुरुस्तीसाठी भरदुपारी वीज बंद करण्यात आली. सूनबाईंचा फोन आला, ‘‘डॉक्टरसाहेब, गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर आहे, ऊन नुसतं पेटलंय आणि आईंचं मशीन बंद पडलंय. असं कसं?’’

हा प्रश्न आता अनेक घरांत पडणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे नांदेड-लातूरच्या गच्च्यांवर पॅनेल दिसू लागली आहेत. त्यांतील नेहमीची रचना ऑन-ग्रिड असते, म्हणजे महावितरणच्या विजेशी जोडलेली. बाहेरची वीज गेली की तिचा इन्व्हर्टर क्षणार्धात स्वतःला बंद करतो. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातील तारेत आपल्या गच्चीवरची वीज जाऊ नये, म्हणून तशी योजनाच केलेली असते. ही पॅनेल वीजबिल कमी करतात. वीज गेल्यावरची सोय त्यांत नसते. ती हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

आजींच्या मुलाने शेजारचा पेट्रोल जनरेटर आणला आणि तो ओसरीवर, म्हणजे ‘बाहेरच’, सुरू केला. मशीन चालू झाले, कूलरही लागला. मी फोनवरून ऑक्सिमीटरचा आकडा विचारला. ९७. मी निश्चिंत झालो. तेथेच माझे चुकले.

तासाभराने पुन्हा फोन. सूनबाईंचे डोके ठणकत होते, नातवाला उलटी झाली होती, आजी गुंगीत होत्या. ‘‘सगळ्यांना एकदम ऊन लागलं असेल का?’’ घरातील सर्वांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ, हे ऐकताच मला उन्हापेक्षा धुराची शंका आली. सर्वांना अंगणात आणा, जनरेटर बंद करा आणि १०८ ला फोन करा, असे सांगून मी निघालो.

जनरेटर ओसरीवर होता, पण खिडकीतील कूलरच्या अगदी खाली. डेझर्ट कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत सोडतो, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड कूलरच थंड हवेसोबत आजींच्या उशाशी पोहोचवत होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजून आकडा चांगला दाखवतो. जनरेटर चालू असताना ९७ वर विसंबू नका, माणसाकडे पाहा.

आजी दोन दिवस रुग्णालयात राहून घरी आल्या.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट दिसली. जनरेटर घराला जोडला होता तो दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने, भिंतीतील सॉकेटमधून. मेन स्विच आठवणीने बंद केला होता, म्हणून निभावले. तो चालू राहिला असता, तर जनरेटरची वीज गल्लीतील डीपीकडे उलटी गेली असती आणि तेथे २३० व्होल्टचे ११,००० होतात. खांबावर माणसे काम करीत होती. शिवाय सोलर त्याच लाइनवर असल्याने त्याचा इन्व्हर्टर जनरेटरलाच महावितरण समजून जागा होऊ शकतो. घरात खप कमी आणि ऊन अधिक असेल तर जास्तीची वीज जनरेटरमध्ये घुसते. तिला तो सामावू शकत नाही. व्होल्टेज वाढते आणि पहिला बळी बहुधा आपले मशीनच ठरते.

म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. सोलरची जोडणी त्याच्या महावितरणच्या बाजूला राहील, हे त्यांना स्पष्ट विचारा. मग जनरेटर चालू असताना सोलर आपोआप झोपलेले राहते. हायब्रिड इन्व्हर्टर असेल आणि त्याला जनरेटरसाठी वेगळी जागा दिलेली असेल, तर जनरेटर तेथेच जोडावा. जनरेटर उघड्यावर, दारे-खिडक्या आणि कूलरपासून किमान २० फूट दूर हवा. जिन्याखाली किंवा गच्चीच्या खोलीत तर मुळीच नको. पेट्रोल भरताना तो बंद करून थंड होऊ द्यावा.

लातूरच्या माझ्या एका वर्गमित्राने वडिलांसाठी केलेली सोय मला अधिक शहाणपणाची वाटते. त्याने कॉन्सन्ट्रेटर, एक पंखा, एक दिवा आणि इन्सुलिनचा छोटा फ्रिज एवढ्यांची वेगळी लाइन काढली आणि ती बॅटरीवर ठेवली. ५ लिटरचे कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेते. १५० एएचच्या एका बॅटरीवर ते एकटे तीनेक तास चालते, जुन्या बॅटरीवर त्याहून कमी. कूलर त्या लाइनवर घेण्याचा मोह घरच्यांना दरवर्षी होतो. तो आवरावा लागतो.

बॅटरीही संपते. म्हणून भरलेला बी टाइप सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर घरात असावा. त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरने बारा तास. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, घरातील दोघांनी तो उघडून-लावून पाहावा.

आजींच्या घरी आता सिलिंडर पलंगाजवळ साखळीने बांधलेला आहे आणि जनरेटर आवारातील कडुनिंबाखाली गेला आहे. ती दोन पिनांची वायर सूनबाईंनी स्वतः विळीवर कापली.