हे डाग काही चांगले नाहीत!

आजीचं चांदीचं कडं माझ्याकडे आलं तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले होते. आतल्या बाजूला कोरलेलं तिचं नाव मात्र शाबूत. मी नुकताच वीकेंडचा ज्वेलरी मेकिंगचा क्लास लावला होता, त्यामुळे कॉन्फिडन्स एकदम फुल्ल! सोनाराकडे कशाला, आपणच जोडू की. जोडलंही. पण पॉलिश करून बघते तर काय, जोडाच्या आजूबाजूला जांभळट-करडा ढग. कितीही घासलं तरी पठ्ठ्या हलेना.

सरांनी कडं उजेडात धरलं. ‘‘हा मळ नाही, फायर स्केल आहे. खोलवर घासलंस तर जाईल, पण आजीचं नावही जाईल.’’

त्यामागचं लॉजिक असं. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. जुन्या दागिन्यांत प्रमाण वेगळं असेल, पण तांबं आलं की ही भानगड आलीच. तापवल्यावर तांब्याचं वर काळं ऑक्साइड होतं. ते पिकलमध्ये, म्हणजे गरम सौम्य अॅसिडमध्ये निघतं. पण तापलेल्या चांदीत ऑक्सिजन आतही झिरपतो आणि तिथल्या तांब्यालाही गाठतो. पिकल तिथवर पोचत नाही. उलट वर चांदीचा पांढराशुभ्र थर उरतो आणि आपण खूश! पॉलिशने तो थर गेला की बिंग फुटतं.

म्हणून फंडा एकच: गरम चांदीला हवा लागू द्यायची नाही.

आधी तेलकटपणा काढून दागिना स्वच्छ करा. बोरिक अॅसिडची पावडर (हो, कॅरमवाली!) स्पिरिटमध्ये कालवा, दागिना बुडवा, बरणी घट्ट झाकून लांब ठेवा आणि मगच दागिना पेटवा. स्पिरिट हिरव्या ज्योतीने जळून जातं आणि मागे पांढरी साय राहते. ती सगळीकडे सारखी बसेपर्यंत हेच रिपीट करा. मात्र दागिना पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा बुडवायचा नाही, नाहीतर बरणीच पेट घेईल. खिडकी उघडी हवी.

मग जोडावर टाकणखाराचा फ्लक्स. ज्योत मोठी, मऊ ठेवा; सणसणीत निळी, टोकदार ज्योत जास्तीचा ऑक्सिजन घेऊन येते. आख्खा दागिना पटकन तापवा आणि सोल्डर चमकून वाहिलं की ज्योत बाजूला! माझं चुकलं ते इथेच. साय नाही, फ्लक्स जेमतेम आणि एकच जोड चार वेळा तापवला.

सगळं नवीनच बनवणार असाल तर अर्जेन्शियम चांदी बघा. १९९० च्या दशकात लंडनच्या मिडलसेक्स युनिव्हर्सिटीत पीटर जॉन्स यांनी ती विकसित केली. तिच्यात थोडं जर्मेनियम असतं, ते तांब्याआधी ऑक्सिजन पकडतं. पण आजीचं कडं काही नव्या चांदीत मिळत नाही ना!

गेल्या महिन्यात आईसाठी अंगठी केली. दोन जोड, डाग शून्य. कडं मात्र तसंच घालते, ढगासकट. नाव राहिलं, बास.

तुम्ही घरातल्या जुन्या चांदीला हात घालणार असाल, तर आधी भंगार तुकड्यावर प्रॅक्टिस करा. जोड देण्याला आपल्याकडे ‘डाग देणं’ म्हणतात. तेवढाच डाग द्या, दुसरा नको!