वसतिगृहाचे दार आणि गुत्त्याचे दार

दरवर्षी २६ जून आला म्हणजे आमच्या महाविद्यालयांतून दोन समारंभ एकाच सकाळी उरकले जातात. एक राजर्षी शाहू छत्रपतींच्या जयंतीचा आणि दुसरा अंमली पदार्थविरोधी दिनाचा. महाराजांच्या तसबिरीला हार घालावयाचा, पोरांना हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ घ्यावयास लावावयाचे, छायाचित्र काढावयाचे आणि आपापल्या घरी जावयाचे, असा शिरस्ता पडला आहे. तारीख एक आली हा योगायोग खरा. पण या दोन गोष्टींचा आतून जो संबंध आहे, तो शपथ देणाऱ्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. म्हसावद आणि त्या टापूकडे पाहून तो सांगावा, असे आम्ही योजिले आहे.

म्हसावद हे शहादा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे, धडगावच्या वाटेवरचे गाव. वरच्या पाड्यांतील भिल्ल-पावऱ्यांची आणि खालच्या सपाटीवरील शेतकरी-मजुरांची मुले आज शहादा, तळोदा, नंदुरबार येथे विद्यापीठाची पदवी घ्यावयास जातात. जळगावचे विद्यापीठ १९९० साली निघाले, म्हणून ही वाट जवळ आली. यांतील कितीतरी मुले आपल्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. पैसेवाल्याचा मुलगा दारूच्या किंवा गांजाच्या नादाने वर्षभर वाया गेला, तर बाप दुसरीकडे पैसे भरून त्याला पुन्हा उभा करतो. पाड्यावरच्या मुलाचे एक वर्ष गेले, की तो थेट गुजरातेत ऊसतोडीला जातो, आणि "थोरल्याने शिकून काय दिवे लावले?" असे म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीची शाळाही सुटते. नुकसान एकाचे होत नाही, साऱ्या घराचे होते.

यावर काही शहाणे म्हणतील की, "हे लोक मुळातच पिणारे, त्याला कोण काय करणार?" या शहाण्यांना आमचे उत्तर असे की, त्यांनी आधी इतिहास वाचावा. देवाला मोहाच्या दारूची धार सोडणे निराळे आणि दारूचा धंदा निराळा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची मोहाची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावरची दारू मात्र कायदेशीर झाली. गरिबाच्या पिण्यावर सरकारची तिजोरी भरू लागली. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० साली वाढत्या दारूगुत्त्यांविरुद्ध त्यांनी लेखी हरकत घेतली, ती काही उगीच नव्हे.

आणि ज्यांना 'पिणारे' म्हणून हिणवले, त्यांनीच दारू सोडून दाखविली आहे. १९२२ साली शेजारच्या सुरत जिल्ह्यात देवीच्या चळवळीने हजारो आदिवासींनी दारू-ताडी टाकली. १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांच्या आरतीला लोकांचे थवे लोटत आणि दारू सोडल्याचे वचन देऊन परत जात. १९७२-७३ साली तर खुद्द शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बाया गावोगाव हिंडल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. त्यांना कोणी शपथेचा छापील कागद दिला होता काय?

या तिन्ही वेळी एक गोष्ट समान होती. कोणीही एकट्याने दारू सोडली नाही. गाव जमले, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवली, तेव्हा ती सुटली. आज आमचा विद्यार्थी मात्र एकटा आहे. गाव सुटलेले, शहरात भाड्याची खोली, जेवणाची आबाळ, संध्याकाळ मोकळी, चौकशी करणारे कोणी नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढली, ती केवळ निजण्यापुरती नव्हेत. परगावच्या पोराला पंगत मिळावी, सोबती मिळावे, वडीलधाऱ्याचा धाक आणि माया मिळावी, हा त्यातला लाभ होता. २६ जूनच्या दोन समारंभांचा आतला संबंध तो हाच!

आणि आमचे सरकार काय करते? वसतिगृहात जागा नसेल तर २०१६ च्या स्वयं योजनेखाली आदिवासी विद्यार्थ्याच्या खात्यावर रोख रक्कम टाकते. २०१८ साली शासकीय आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचेही पैसे खात्यावर टाकण्याचे ठरले, तेव्हा पुण्याहून नाशिककडे पायी निघून मुलांनीच त्यास विरोध केला. पैसा देण्यास आमची हरकत नाही. परंतु पैसा म्हणजे पंगत नव्हे, आणि भाड्याची खोली म्हणजे वसतिगृह नव्हे.

कायदा लंगडा आहे असेही नाही. या राज्यात पंचवीस वर्षांखालच्या माणसाला कडक दारूचा परवाना मिळत नाही, बियरलाही एकविसावे वर्ष लागते. म्हणजे पदवीच्या वर्गात बसणाऱ्या बहुतेक मुलांना दारू विकणे हाच गुन्हा आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अधिकार दिला आहे. परवान्याचे दुकान मतदानाने 'आडवी बाटली' करून बंद पाडण्याची सोय बायांच्या हाती आहे. उणीव आहे ती अधिकार वापरण्याची. गुजरातेत दारूबंदी, आणि तिच्या हद्दीला हा जिल्हा चिकटलेला. चोरटी दारू कोणत्या वाटेने जाते हे पोरासोरांना ठाऊक, ते ठाणेदाराला ठाऊक नसावे काय?

राहिला तो व्यसनात सापडलेला मुलगा. त्याला महाविद्यालयातून काढून टाकणे म्हणजे त्याला गुत्त्याच्या दारात नेऊन सोडणे होय. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे, हे पुण्याच्या मुक्तांगणाने १९८६ पासून दाखवून दिले आहे. परंतु २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचे दिसले. गांजा वगैरेंच्या १९८५ च्या कायद्यातही, आपण होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणात माल जवळ बाळगल्याच्या खटल्यातून सूट देणारे ६४-अ हे कलम आहे. ते प्राध्यापकांनी वर्गात वाचून दाखवावे, आणि १४४४६ हा मदतीचा फुकट क्रमांक फळ्यावर लिहावा.

आमचे मागणे थोडे आहे. प्रत्येक गरजू मुलास वसतिगृहात जागा द्या आणि तेथे चूल पेटती ठेवा. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे राहू द्या. ग्रामसभांनो, आपला अधिकार बासनात बांधून ठेवू नका. आणि आईबापांनो, शिकलेल्या पोराच्या हाती सणाच्या निमित्ताने आपणच पहिला पेला देऊ नका. वसतिगृहाचे दार बंद असेल तर गुत्त्याचे दार उघडेच आहे. आमच्या मुलाने कोणत्या दारात जावे, हे त्याच्या शपथेपेक्षा आपण कोणते दार उघडे ठेवतो यावर ठरणार आहे.