धाब्यावरची मराठी

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात सातवीतला एक मुलगा माइकवर उभा राहिला. विषय, माझा आवडता सण. म्हणाला, "उत्तरायणला शाळेत रजा असते. आम्ही धाब्यावर पतंग चगवतो." पुढच्या रांगेतून एक काका ओरडले, "अरे, रजा नाही, सुट्टी! धाबं नाही, गच्ची!" सगळा मांडव हसला. पोरगं खाली उतरलं, ते पाचही दिवस माइककडे फिरकलं नाही. खोटं कशाला सांगू, हसणाऱ्यांत मीही होतो.

त्या रात्री मोबाइलवर पु. ल. देशपांड्यांचे 'रावसाहेब' ऐकत बसलो. पु. ल. बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, तेव्हाची ही दोस्ती. रावसाहेबांच्या मराठीला कानडी हेल, 'तो-ती-ते'चा आनंदीआनंद, वर शिव्यांची फोडणी. पु.लं.नी त्यातलं काही दुरुस्त केलं नाही. पुढे 1955 मध्ये ते आकाशवाणीत गेले, दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली. शुद्ध भाषा त्यांना शिकवायची गरज होती का? तरी 'गणगोत'मधले रावसाहेब जसे बोलायचे तसेच बोलतात. आपण हसत हसत ऐकतो आणि शेवटी डोळे पुसतो. पु.लं.नी सलग आत्मचरित्र लिहिलं नाही. त्यांचं आयुष्य बरंचसं अशा माणसांच्या बोलण्यातूनच आपल्याला कळतं.

सकाळी आईला मांडवातला किस्सा सांगितला. आई धुळ्याकडची. म्हणाली, "त्यात काय चुकलं रे? आपलं गावचं घर धाब्याचंच होतं ना! उन्हाळ्यात सगळे धाब्यावरच झोपायचो."

घ्या! ज्याला आम्ही गुजराती म्हणून हसलो, तो शब्द माझ्या आईच्या माहेरचा निघाला.

माझं मत स्पष्ट आहे. कडोदऱ्यात वाढलेली पोरं दिवसभर गुजराती-हिंदी बोलतात. त्यांच्या मराठीत रजा येणार, पतंग चगणार. शब्द चुकला तर घरी जेवताना हळूच सांगता येतो. पण चारचौघांत लाजून पोरगं गप्पच बसलं, तर पुढे सुधारायचं काय?

यंदा त्या मुलाला मी स्वतः बोलवायला जाणार आहे. पुढच्या रांगेतल्या काकांनी त्या दिवशी खुशाल रजा घ्यावी.