माजी सैनिकाची वाट फाटकापर्यंतच?

मुंबई : वाकोल्याला लागूनच कलिन्याची लष्करी छावणी आहे आणि थोडे दक्षिणेला वांद्रे-कुर्ला संकुल. अंतर काही मिनिटांचे. पण गणवेश उतरवलेल्या जवानाला तेच पार करणे अवघड जाते.

सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात. त्यांतील अनेक जण पस्तिशी-चाळिशीतले, संसाराचा भार ऐन भरात असलेले. व्यवस्था नाही असे नव्हे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणी होते, राज्य शासनाच्या गट 'क' व 'ड' पदांत १५ टक्के आरक्षण आहे, माजी सैनिक महामंडळ अर्थात 'मेस्को' सुरक्षारक्षकाचे काम देते.

मेख येथेच आहे. खासगी क्षेत्रातील चांगली जागा जाहिरातीपेक्षा ओळखीतून कळते. अधिकाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालय 'आयआयएम'सारख्या संस्थांत व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवते. तेथेच उद्योगांशी गाठ पडते. जवानाच्या ओळखी पलटणीतल्याच, आणि ते मित्र आधीच एखाद्या फाटकावर उभे! म्हणून संदेशयंत्रणा सांभाळलेला किंवा वाहनदुरुस्तीत मुरलेला हवालदारही रक्षकच होतो.

अग्निपथ योजनेने हा प्रश्न तीव्र होणार आहे. २०२२च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. मूळ योजनेनुसार २५ टक्क्यांपर्यंतच कायम होणार. उरलेल्यांना पेन्शनही नाही. निवृत्तीपूर्वीच उद्योगांशी गाठ आणि कौशल्याला नागरी मान्यता, हे जवानालाही मिळायला हवे. अन्यथा शिस्तीचे कौतुक होत राहील आणि नोकरी मात्र फाटकावरचीच मिळेल.