‘हो’ म्हणजे ‘पटलं’ नव्हे!

पायातले स्पोर्ट्स शूज काढा आणि आतलं लेबल वाचा. ‘मेड इन व्हिएतनाम’ दिसण्याची शक्यता बरीच आहे. नायकेचे जगभर विकले जाणारे जवळपास निम्मे बूट तिथंच बनतात. सॅमसंगचे फोनही हनोईजवळच्या बाक निन्हमध्ये बनतात. परदेशी कंपन्यांना तिथं काय आवडतं, असं विचारलं की यादी तयारच असते : माणसं तरुण, मेहनती, पटकन शिकणारी, कमी पगारात काम करणारी आणि शांत.

लग्नाच्या बायोडेटातल्या ‘मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष’सारखीच ही यादी! पण ती जरा नीट वाचू या.

‘पटकन शिकणं’ काही कुणाच्या रक्तात नसतं. फारसा श्रीमंत नसतानाही या देशानं शाळांकडे लक्ष दिलं. १५ वर्षांच्या मुलांसाठीच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत व्हिएतनाम २०१२ साली पहिल्यांदा उतरला आणि विज्ञानात थेट आठवा आला. अमेरिका बरीच मागे होती. कारखान्यात दिसणारा गुण आधी वर्गात घडलेला असतो.

आता ‘शांत’. तिथं वरिष्ठांना अदबीनं ‘हो’ म्हणायची रीत आहे. पण त्याचा अर्थ अनेकदा ‘ऐकलं’ एवढाच असतो. आपण नाही का आईला ‘हो गं, हो’ म्हणत? परदेशी मॅनेजर मात्र त्याला होकार समजतात आणि फसतात.

२०१५ मध्ये सरकारही असंच फसलं. नव्या कायद्यानुसार नोकरी सुटल्यावर सामाजिक विम्याचे, म्हणजे आपल्या पीएफसारखे, पैसे एकरकमी मिळणार नव्हते. निवृत्तीपर्यंत थांबायचं. बायकांसाठी ते वय होतं ५५. मग पस्तिशीत काम सुटलेल्या बाईनं पुढची वीस वर्षं काय करायचं? मार्चअखेर हो ची मिन्ह शहरातल्या बुटांच्या एका मोठ्या कारखान्यातले हजारो कामगार, त्यात बहुसंख्य बायका, काम थांबवून बाहेर आले. मान्यताप्राप्त कामगार संघटना देशात एकच, तीही सत्ताधारी पक्षाच्या छत्राखालची. तिनं हा संप पुकारलेला नव्हता. तरी आठवडाभरात सरकारनं कायदा बदलायची तयारी दाखवली आणि जूनमध्ये संसदेनं एकरकमी पैसे घ्यायची मुभा दिली.

उद्या तुम्ही कॅम्पस इंटरव्ह्यूला बसाल, तेव्हा तुमच्याही गुणांची अशीच यादी होईल. मेहनती असा, शिकत राहा. पण ‘कधी तक्रार करत नाही’ हाही गुण म्हणून कुणी लिहू लागलं, तर तो नेमका कुणाच्या सोयीचा, हे विचारा. आणि कधीतरी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसलात, तर समोरच्यानं ‘हो’ म्हटल्यावर तिथंच थांबू नका. ‘तुला काय वाटतं?’ एवढं नक्की विचारा.